ओळखक्रमांक मुका असावा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संस्थांसाठी मी सॉफ्टवेअर तयार करते. नव्या संस्थेचं काम घेतलं, की सचिवांना पहिल्यांदा विचारते, सभासदाला यंत्रात ओळखायचं कशावरून? बहुतेक जण म्हणतात, "मोबाइल नंबर घाला की मॅडम, सगळ्यांकडं आहेच." तिथंच मी नाही म्हणते.

डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत असते आणि प्रत्येक नोंदीला दुसरीशी कधीही न जुळणारी एक ओळख लागते. तिला प्रायमरी की म्हणतात. आयबीएममधले संशोधक एडगर कॉड यांनी 1970 साली तक्त्यांची ही पद्धत मांडली, तेव्हापासून ती आहे. सभासदाची ही ओळख दुधाच्या पावतीत, दहा दिवसांच्या बिलात, पशुखाद्याच्या उधारीत, दिवाळीच्या फरकाच्या यादीत अशी सगळीकडे जाऊन बसते. ती बदलली, तर सगळीकडे बदलावी लागते. एक जागा राहून गेली, तर दूध एकीचं आणि पैसे भलत्याच खात्यावर.

मोबाइल नंबर तर हमखास बदलतो. घरात फोन एकच असला, तर सासू आणि सून दोघीही तोच नंबर देतात. रिचार्जअभावी बंद पडलेला नंबर 90 दिवस कोणाला दिला जात नाही, पण त्यानंतर तो अनोळखी माणसाकडे जाऊ शकतो.

क्रमांकात अर्थ भरला, की तो अर्थ केव्हातरी शिळा होतो. पॅनचं पाचवं अक्षर म्हणजे आडनावाचं आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदललं, तरी पॅन तोच राहतो. राहायलाच हवा, पण मग त्या अक्षराला अर्थ उरत नाही. गाडीच्या नंबरात राज्य आहे, म्हणून ती वर्षभराहून जास्त परराज्यात राहिली, की नवा नंबर घ्यावा लागतो. बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठी 2021 मध्ये बीएच मालिका काढावी लागली, ती याचमुळे.

आधारची रचना मला या बाबतीत फार आवडते. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्या 12 अंकांवरून गाव, वय, जात काहीही कळत नाही. शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने निघतो, म्हणजे टाइप करताना चूक झाली, तर पकडता येते. तरीही संस्थेच्या तक्त्यांत आधार ही प्रायमरी की मी करत नाही. ती पावतीपावतीवर पसरते, आणि आधार असा पसरू देणं धोक्याचं आहे.

मग यंत्रानेच दिलेला क्रमांक उरतो. साधा चढता पूर्णांक सोपा आणि वेगवान, फक्त जागा पुरेशी ठेवावी. 32 बिटांचा पूर्णांक 2,14,74,83,647 वर संपतो. नोव्हेंबर 2018 मध्ये बेसकॅम्प या अमेरिकी सेवेच्या एका तक्त्याने ही हद्द गाठली आणि ग्राहकांना काही तास नवं काहीच लिहिता येईना. 64 बिटांना नोंदीमागे चारच बाइट जास्त लागतात. त्यात काटकसर करू नये.

गावांत मात्र वेगळीच अडचण येते. संकलन केंद्रावर पहाटे नेट नसतं, दूध थांबत नाही. दोन केंद्रांनी आपापल्या यंत्रावर 4871 नंबरची पावती केली आणि दुपारी दोन्ही मुख्य कार्यालयात आल्या, तर खरी 4871 कोणती? इथं यूयूआयडी लागतो. 128 बिटांचा हा क्रमांक कुठलंही यंत्र कोणाला न विचारता तयार करतं, आणि दोन जुळण्याची शक्यता व्यवहारात शून्य. त्याचा जुना, पूर्ण यादृच्छिक प्रकार मी टाळते. मायएसक्यूएलसारखा डेटाबेस नोंदी प्रायमरी कीच्या क्रमाने साठवतो. मग नवी नोंद कुठंही मधेच घुसते, भरलेली पानं फुटतात आणि मोठा तक्ता मंदावतो. 2024 मध्ये प्रमाणित झालेल्या यूयूआयडीच्या सातव्या आवृत्तीत पहिले 48 बिट वेळेचे असतात, त्यामुळे नव्या नोंदी शेवटाकडेच जातात. पावत्यांसाठी मी हीच घेते.

सभासदांना हा 36 अक्षरांचा क्रमांक दिसतही नाही. त्यांचा 214 किंवा 87 हा पाठ असलेला नंबर वेगळ्या रकान्यात, पावतीवर ठळक छापलेला राहतो.

तुमच्या संस्थेसाठी, शाळेसाठी, वाचनालयासाठी कोणी सॉफ्टवेअर करून देत असेल, तर पहिली नोंद टाकण्याआधी एवढं विचारा: प्रायमरी की कोणती, आणि ती उद्या बदलावी लागेल का? "लागू शकेल" असं उत्तर आलं, तर काम तिथंच थांबवा.