मैदान सरकारचे, मेंदूची जागा मात्र 'राखीव'!

खेळात वर्ण नसतो, वंश नसतो, तिथे चालते ती फक्त गुणवत्ता, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ऐकायला हे वाक्य गोड आहे. पण त्याची सत्यता तपासायची असेल तर ज्या देशात खेळ हा अब्जावधी डॉलरचा धंदा झाला आहे, त्या अमेरिकेतील एक सामना बारकाईने पाहावा, असे आम्हाला वाटते. तो सामना म्हणजे ३१ जानेवारी १९८८ रोजी सॅन दिएगो येथे झालेला २२ वा सुपर बोल.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. मैदानात दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू. चेंडू हातात घेऊन किंवा फेकून चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू पोहोचविला की टचडाउन. त्याचे सहा गुण आणि पाठोपाठच्या किकचा एक. १५ मिनिटांचे एक क्वार्टर, अशी चार क्वार्टर. या खेळातील व्यावसायिक संघांची संघटना म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग आणि तिच्या विजेतेपदाचा सामना म्हणजे सुपर बोल.

या अकरा जणांत एक जागा सर्वांत मोलाची असते. ती क्वार्टरबॅकची. डाव काय खेळायचा हे तो सहकाऱ्यांना सांगतो, समोरच्यांची मांडणी वाचतो आणि दोन-तीन सेकंदांत निर्णय घेऊन चेंडू कुणाकडे द्यायचा ते ठरवितो. सैन्यात जसा सेनापती, तसा आक्रमणात क्वार्टरबॅक. आणि नेमकी हीच जागा वर्षानुवर्षे गोऱ्यांसाठी 'राखीव' होती! या आरक्षणाचा कायदा कुठे नव्हता, परिपत्रक नव्हते, टक्केवारी नव्हती. तरीही ते इतके कडेकोट पाळले गेले की १९६७ पासून २१ सुपर बोल झाले, ४२ वेळा संघ मैदानात उतरले, पण सुरुवातीपासून खेळणारा एकही क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय नव्हता. धावायला कृष्णवर्णीय चालत होते, चेंडू झेलायला चालत होते, अंगावर धडका घ्यायला तर हवेच होते. फक्त डोके चालविण्याच्या जागेवर ते नको होते. याला गुणवत्ता म्हणायचे काय?

२२ व्या सुपर बोलमध्ये ही परंपरा मोडली ती वॉशिंग्टनच्या संघाने. हाच संघ तोपर्यंत लीगमधील वर्णद्वेषाचा बालेकिल्ला म्हणून कुप्रसिद्ध होता, म्हणून त्याचा इतिहास पाहिला पाहिजे.

१९२१ मध्ये फ्रिट्झ पोलार्ड हे कृष्णवर्णीय खेळाडू अॅक्रन संघाचे प्रशिक्षकही होते. म्हणजे सुरुवातीच्या काळात दार अगदीच बंद नव्हते. पण १९३३ च्या हंगामानंतर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू उरला नाही आणि पुढील १२ हंगाम तो आला नाही. या अघोषित बंदीमागे जे मालक होते त्यांत जॉर्ज प्रेस्टन मार्शल याचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. लाँड्रीच्या दुकानांच्या साखळीतून पैसा मिळविलेला हा मालक १९३७ मध्ये आपला संघ बोस्टनहून वॉशिंग्टनला घेऊन आला. संघाचे नाव त्याने ठेवले होते 'रेडस्किन्स'. तेथील मूलनिवासी लोकांच्या कातडीवरून त्यांना हिणविणारा हा शब्द. एका समाजाला संघाबाहेर ठेवायचे आणि दुसऱ्या समाजाच्या अपमानाचे चिन्ह टोपीवर, झेंड्यावर विकायचे, असा हा दुहेरी व्यापार होता.

बंदीची पहिली वीट १९४६ मध्ये ढासळली. क्लीव्हलँडचा रॅम्स संघ लॉस एंजलिसला आला आणि त्याने तेथील मेमोरियल कोलिझियम हे सार्वजनिक मैदान मागितले. तेव्हा कृष्णवर्णीय पत्रकारांनी मैदानाच्या व्यवस्थापनासमोर सरळ सवाल टाकला. ज्या मैदानासाठी आमच्याही कराचा पैसा आहे, तिथे आमच्या माणसाला बंदी घालणारा संघ खेळणार कसा? सवाल बिनतोड होता. रॅम्सने केनी वॉशिंग्टन यांना आणि पाठोपाठ वुडी स्ट्रोड यांना करारबद्ध केले. पण केनी वॉशिंग्टन यांचे महाविद्यालयीन खेळातील वैभवाचे वर्ष होते १९३९. दार उघडेपर्यंत सात वर्षे गेली होती आणि गुडघे निकामी होत आले होते. उशिरा मिळालेला न्याय किती अपुरा असतो, याचे हे उदाहरण आहे.

त्यानंतर एकेक संघ बदलला. मार्शल बदलला नाही. दक्षिणेकडील राज्यांत त्याच्या सामन्यांच्या प्रसारणाचे जाळे होते आणि तेथील गोऱ्या प्रेक्षकाला दुखवायचे नव्हते. १९६१ साल उजाडले तरी साऱ्या लीगमध्ये फक्त त्याच्याच संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये नवे स्टेडियम उभे राहत होते आणि मार्शलने ते ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले होते. पण त्याखालची जमीन संघराज्य सरकारची होती!

आम्ही वकिली करणारी माणसे. कोणताही करार हातात आला की आमची नजर आधी अटींवर जाते. अध्यक्ष केनेडी यांच्या मंत्रिमंडळातील अंतर्गत व्यवहारमंत्री स्ट्युअर्ट युडाल यांनी नेमके तेच केले. मार्च १९६१ मध्ये त्यांनी मार्शलला कळविले की या जमिनीवर जो धंदा करील त्याला नोकरीत वर्णभेद करता येणार नाही; करायचा असेल तर मैदान विसरा. मार्शलने थयथयाट केला. अमेरिकन नाझी पक्षाचे लोक त्याच्या समर्थनार्थ फलक घेऊन उभे राहिले. पण मैदान नसेल तर धंदा कसला? अखेर पुढच्या हंगामापासून अट पाळण्याचे त्याने मान्य केले. १९६२ मध्ये बॉबी मिचेल आले आणि पहिल्याच हंगामात त्यांनी ७२ झेल घेऊन संपूर्ण लीगमध्ये पहिला क्रमांक पटकाविला. ज्या संघाने १९६१ मध्ये १४ पैकी एकच सामना जिंकला होता, त्याला गुणवत्तेचे वावडे कोणाला होते हे आता कळले असेल. मार्शल मात्र सुधारला नाही. १९६९ मध्ये तो वारला तेव्हा मुलांच्या कल्याणासाठी ठेवलेल्या पैशातील एक डॉलरही वांशिक एकात्मतेच्या कामी लागू नये, अशी तरतूद त्याच्या मृत्युपत्रात होती.

तर दार उघडले. पण कोणत्या खोलीपर्यंत? भाडेपट्ट्यातील अट नोकरी देण्यापुरती होती. हुकूम कोणी द्यायचा, हे तिच्यात लिहिलेले नव्हते. म्हणून दिवाणखाना खुला झाला आणि तिजोरीची खोली बंदच राहिली. १९६८ मध्ये डेन्व्हर संघाकडून मार्लिन ब्रिस्को यांनी क्वार्टरबॅक म्हणून १४ टचडाउन पास फेकले. पुढच्याच वर्षी त्यांना ती जागा नाकारली गेली आणि दुसऱ्या संघात जाऊन ते चेंडू झेलणारे खेळाडू झाले. १९७८ मध्ये वॉरन मून यांना २८ पैकी एकाही संघाने निवडले नाही. ते कॅनडात गेले आणि तेथील अजिंक्यपद त्यांच्या संघाने सलग पाच वर्षे जिंकले.

त्याच १९७८ मध्ये लुइझियाना राज्यातील ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातून डग विल्यम्स बाहेर पडले. टॅम्पा बे या संघाने त्यांना घेतले. हा संघ त्याआधी सलग २६ सामने हरलेला होता. विल्यम्स आल्यावर दुसऱ्याच हंगामात तो सुपर बोलपासून एका सामन्यावर येऊन पोहोचला. मोबदला काय? १९८२ मध्ये त्यांचे वेतन होते १ लाख २० हजार डॉलर. इतर संघांत बाकावर बसणाऱ्या कित्येक बदली क्वार्टरबॅकना याहून जास्त मिळत होते. त्यांनी रास्त वेतन मागितले, मालकाने नाकारले, विल्यम्स निघून गेले. त्याच वर्षी, १९८३ मध्ये, मेंदूतील गाठीने त्यांच्या पत्नीचे निधन झाले. पदरात तान्ही मुलगी होती. इकडे टॅम्पा बेचे पुढचे १४ हंगाम एकामागून एक पराभवाचे गेले. काही पैसे वाचविण्यासाठी मालकाने काय गमावले, याचा हिशेब कोणी मांडला?

विल्यम्स एका नव्या लीगमध्ये खेळले, ती लीग बुडाली. १९८६ मध्ये त्यांना बोलाविले ते वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्ज यांनी. गिब्ज पूर्वी टॅम्पा बेमध्ये साहाय्यक होते आणि त्यांनी या माणसाची कुवत जवळून पाहिली होती. जागा मात्र बदली खेळाडूची. त्या संपूर्ण हंगामात विल्यम्स यांच्या वाट्याला एक पास आला. १९८७ च्या हंगामाअखेर गिब्ज यांनी त्यांना पुढे केले आणि शिकागो व मिनेसोटा यांना हरवून वॉशिंग्टन सुपर बोलमध्ये पोहोचले.

त्या वेळचे वातावरण कसे होते? सामन्याच्या पंधरवडाभर आधी सीबीएस वाहिनीचा भाष्यकार जिमी स्नायडर याने कृष्णवर्णीय खेळाडूंची ताकद ही गुलामगिरीच्या काळात मालकांनी केलेल्या पैदाशीचे फळ आहे, अशी मुक्ताफळे उधळली आणि वाहिनीने त्याला काढून टाकले. सामन्याच्या आठवड्यात विल्यम्स यांना खेळाविषयी कमी आणि कातडीविषयी जास्त प्रश्न विचारले गेले. तुम्ही कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक केव्हापासून आहात, असे एकाने विचारल्याचा किस्सा जगभर गाजला. प्रश्न नेमका तसा नव्हता, असे संबंधित पत्रकाराचे म्हणणे आहे. पण तो सर्वांना खरा वाटला, यातच सगळे आले.

सामन्याच्या आदल्या दिवशी विल्यम्स यांच्या दाताची रूट कॅनाल शस्त्रक्रिया झाली. सामना सुरू होताच डेन्व्हरने पहिल्याच डावात ५६ यार्डांचा पास टाकून टचडाउन केला. थोड्याच वेळात गुणफलक १०-०. त्यातच विल्यम्स यांचा पाय घसरला, गुडघा मुरगळला आणि त्यांना बाहेर जावे लागले. टीकाकारांच्या लेखण्या सरसावल्या असतील! पण ते परत आले. दुसरे क्वार्टर सुरू होताच ८० यार्डांचा टचडाउन, रिकी सँडर्सकडे. मग २७ यार्डांचा, गॅरी क्लार्ककडे. मग टिमी स्मिथची ५८ यार्डांची धाव. मग पुन्हा सँडर्स, ५० यार्ड. मग क्लिंट डिडियर, ८ यार्ड. पंधरा मिनिटांच्या एका क्वार्टरमध्ये, अवघ्या १८ डावांत ३५ गुण! त्यांतील चार टचडाउन विल्यम्स यांच्या हातून. अंतिम गुणसंख्या ४२-१०. विल्यम्स यांचे ३४० यार्ड, तो तेव्हाचा सुपर बोल विक्रम. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तेच. ज्या जागेसाठी यांची बुद्धी कमी पडते असे सांगितले जात होते, त्याच जागेवरून हे उत्तर देण्यात आले.

आता कोणी म्हणेल, पाहा, अखेर गुणवत्ताच जिंकली ना? आमचा सवाल आहे, ही गुणवत्ता १९७८ मध्ये नव्हती काय? १९८२ मध्ये नव्हती काय? गुणवत्ता होती, संधी नव्हती. आणि एका विजयाने व्यवस्था बदलत नाही. दुखापतीनंतर १९९० मध्ये वॉशिंग्टनने विल्यम्स यांना मोकळे केले. सुपर बोलमध्ये सुरुवातीपासून खेळणारा दुसरा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक यायला २००० साल उजाडले, तो स्टीव्ह मॅकनेअर. दुसरा विजेता आला २०१४ मध्ये, रसेल विल्सन. दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय, असा पहिला सुपर बोल झाला २०२३ मध्ये, पॅट्रिक माहोम्स आणि जेलन हर्ट्स यांचा. विल्यम्स यांच्या विजयानंतर तब्बल ३५ वर्षांनी!

मैदानावरचा मेंदू मान्य झाला, तरी मैदानाबाहेर काय चालले होते? डोक्यावरील आघातांनी मेंदू दुखावलेल्या माजी खेळाडूंना भरपाई देण्याच्या समझोत्यात कृष्णवर्णीयांची मूळ बौद्धिक पातळी कमी धरून चाचण्यांचे गुण मोजले जात होते. त्यामुळे त्यांचे नुकसान कमी दिसे आणि दावे फेटाळले जात. केव्हिन हेन्री आणि नाजेह डेव्हनपोर्ट या दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कुठे २०२१ मध्ये लीगने ही पद्धत सोडण्याचे कबूल केले. एकविसाव्या शतकात! आधी सांगायचे तुमच्याकडे मेंदू नाही; मग तोच मेंदू खेळात फोडून घ्यायचा; आणि भरपाईच्या वेळी पुन्हा सांगायचे, मुळातच कमी होता.

प्रशिक्षकपदाचीही तीच कथा. २००३ मध्ये रूनी नियम आला. मुख्य प्रशिक्षक नेमताना किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यावी, एवढीच तेव्हा अट होती. मुलाखतीचे नाटक करून निवड आधीच ठरविली जाते, असा आरोप करून ब्रायन फ्लोरेस यांनी २०२२ मध्ये लीगवर दावा ठोकला. वॉशिंग्टनच्या नावाविरुद्ध मूलनिवासी कार्यकर्त्या सुझान हार्जो व सहकाऱ्यांनी १९९२ पासून कायदेशीर लढा दिला. कधी निकाल बाजूने, कधी तांत्रिक मुद्द्यावर विरुद्ध. ते नाव गेले जुलै २०२० मध्ये, जेव्हा प्रायोजक कंपन्यांनी पैशाची नाडी आवळली. त्याच्या आदल्याच महिन्यात जुन्या स्टेडियमसमोरून मार्शलचे स्मारकही हटले.

वाचकहो, या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष आमच्या मते एकच आहे. बंद दार कुणाच्या हृदयपरिवर्तनाने उघडले नाही. १९४६ मध्ये ते सार्वजनिक मैदानाच्या अटीने उघडले, १९६१ मध्ये सरकारी जमिनीच्या अटीने, २०२० मध्ये पैशाच्या अटीने. जिथे अट नव्हती, तिथे गुणवत्ता असूनही माणूस बाकावर बसून राहिला. म्हणून यापुढे कोणी खासगी धंद्यातील गुणवत्तेचे गोडवे गाऊ लागला तर त्याला तीन प्रश्न विचारा. जमीन कोणाची? पैसा कोणाचा? आणि करारात अट कोणती? १९६१ मध्ये एका मंत्र्याने हे प्रश्न विचारले, म्हणून १९८८ मध्ये डग विल्यम्स यांना त्या संघाच्या गणवेशात उभे राहता आले. उत्तर त्यांच्या हातात होतेच. प्रश्न विचारणारा हवा होता!