पोरीला शिकवायचंय, पण कोणत्या वाटेनं?

 

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या बैठकीत बचत आणि हप्ता जमा झाल्या झाल्या एकच विषय निघतो. "ताई, पोरीला पंच्याहत्तर टक्के पडले, आता काय करू?" पलीकडून कुणी म्हणतं, "आर्ट्सला टाक, बीए करेल." दुसरी म्हणते, "सायन्स घे, डॉक्टर होईल." दोन मिनिटांत पोरीचं ठरून जातं. म्हैस घ्यायची तर आपण चार गोठे फिरतो, दूध काढून बघतो, मग पैसे मोजतो. पोरीच्या शिक्षणाची एवढी तरी चौकशी व्हायला हवी. म्हणून आज आम्ही इंजिनिअर, दवाखान्यातलं काम आणि वकिली, या तीन वाटा कुठून सुरू होतात आणि कुठे अडतात ते सांगणार आहोत.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. अमेरिकेत डॉक्टर किंवा वकील व्हायचं तर मुलं आधी चार वर्षांची पदवी घेतात आणि मग त्या शिक्षणाला जातात. त्यांना विचार करायला वेळ मिळतो. आपल्याकडे डॉक्टर आणि इंजिनिअरची वाट दहावीनंतर, अकरावीचे विषय घेतानाच ठरते. म्हणजे पोर पंधरा-सोळा वर्षांची असते तेव्हा. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे. फॉर्म भरणारा दुकानदार विचारतो, "कोणती शाखा टाकू?" आणि पोर गोंधळून काहीतरी सांगते. त्या उत्तरावर पुढची पाच-सहा वर्षं उभी राहतात.

इंजिनिअरची वाट

इंजिनिअरिंगला अकरावी-बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. याला मुलं पीसीएम म्हणतात. बारावीच्या वर्षी राज्याची सीईटी परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा २०० मार्कांची असते, त्यातले १०० मार्क एकट्या गणिताचे. चुकलेल्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, म्हणून पोरीला सांगा, एकही प्रश्न कोरा सोडू नको. भौतिक आणि रसायनचे प्रश्न मराठीतही मिळतात, गणिताचे मात्र इंग्रजीत असतात.

दुसरी वाट फार जणींना ठाऊक नसते. दहावीनंतर थेट पॉलिटेक्निकला तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. त्याचा प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो. धुळ्याला आणि जळगावला सरकारी पॉलिटेक्निक आहे. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, त्याला सीईटी लागत नाही, डिप्लोमाचे मार्क बघतात. आणि मधेच घरची अडचण आली तरी तीन वर्षांनी हातात नोकरीला चालणारा डिप्लोमा असतो. बारावी सायन्स करून सीईटीत मार्क कमी आले तर हातात नुसती बारावी राहते. ज्या घरात पुढच्या पाच वर्षांचा भरवसा नाही, त्या घराने हा फरक नीट तोलावा. पदवीसाठी आपल्या भागात जळगावचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि धुळे-शिरपूरलाही इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत.

दवाखान्याची वाट

डॉक्टर व्हायचं तर गणिताऐवजी जीवशास्त्र, म्हणजे पीसीबी. त्यासाठी सगळ्या देशाची एकच परीक्षा, नीट. एमबीबीएस असो, दातांचं बीडीएस असो, आयुर्वेदाचं बीएएमएस असो की होमिओपॅथीचं बीएचएमएस, सगळ्याला नीटच लागते. पेपर ७२० मार्कांचा असतो आणि मराठीतही देता येतो. इथे चुकलेल्या उत्तराला एक मार्क कापतात, म्हणून अंदाजाने ठोकून चालत नाही. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आज सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पण जागा थोड्या आणि मुलं फार, हे आधीच मान्य करून चला.

म्हणून आम्ही सांगतो, पीसीबी घेतलं म्हणजे डॉक्टर नाहीतर काहीच नाही, असं घरात बोलू नका. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं आहे, त्याला बारावीत पीसीबी आणि इंग्रजी लागतं. जीएनएम हा तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा आहे आणि एएनएम दोन वर्षांचा. या दोन्हींना बारावी आर्ट्स झालेली मुलगीही अर्ज करू शकते. उपकेंद्रात लसीकरण करणाऱ्या सिस्टर तुम्ही बघता ना, त्यातल्या बऱ्याच जणी एएनएम शिकलेल्या. जीएनएम झालेल्या मुलीला पुढे दोन वर्षांत नर्सिंगची पदवी घेता येते. औषधशास्त्राचीही वाट आहे. दोन वर्षांचा डी. फार्म. आणि चार वर्षांचं बी. फार्म., दोन्ही पीसीएम आणि पीसीबी अशा दोन्ही मुलींना चालतात.

नर्सिंगच्या प्रवेशाचे नियम अलीकडे बदलत गेले आहेत. मोठ्या बहिणीच्या वेळी जसं झालं तसंच धाकटीच्या वेळी होईल असं धरू नका. त्या वर्षीची सूचना वाचा. आणि नर्सिंग शाळेत पैसे भरण्याआधी तिला नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का, ते विचारा. मान्यता नसलेल्या शाळेच्या कागदावर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय नोकरी नाही.

ज्या पोरीला अजून काही ठरवता येत नाही, तिने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यावं. अभ्यास वाढतो, हे खरं. पण दोन्ही दारं उघडी राहतात.

वकिलीची वाट

आता ज्यांच्या पोरी आर्ट्स, कॉमर्सला आहेत त्यांनी कान द्या. वकील व्हायला सायन्स लागत नाही. बारावी कोणत्याही शाखेतून झाली की पाच वर्षांचा लॉ करता येतो. आणि बीए, बीकॉम, बीएस्सी काहीही झालं असेल तर तीन वर्षांचा. दोन्हींना राज्याची वेगवेगळी सीईटी आहे, आणि खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, राखीव गटांना थोडी सूट आहे. म्हणजे बीए झालेली, घरी बसलेली सूनही तीन वर्षांच्या लॉची सीईटी देऊ शकते. अमेरिकेतली "आधी पदवी, मग वकिली" अशी वाट आपल्याकडे हीच.

ही वाट बायांना सहज मिळालेली नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या बाई. पण विद्यापीठ तेव्हा बायांना पदवीच देत नव्हतं. त्यांना पदवी मिळाली १९२२ साली, तीस वर्षांनी. भारतात बायांना वकिली करू देणारा कायदा झाला तो १९२३ साली. आता अडवणारा कायदा नाही.

लॉ झाल्यावर बार कौन्सिलमध्ये नोंदणी करावी लागते आणि एक अखिल भारतीय परीक्षा असते. नोंदणीला आधी हजारो रुपये घेत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही. ती रक्कम ७५० रुपये आहे, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये.

पैसा

"ताई, एवढी फी कुठून आणायची?" हा प्रश्न खरा आहे. पण त्याचं निम्मं उत्तर सरकारने दिलं आहे. २०२४-२५ या वर्षापासून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींसाठी ही योजना आहे. आधी निम्मी फी माफ होती. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना त्यांच्या वेगळ्या शिष्यवृत्ती आणि फी माफी आहेत.

पण तीन अटी डोक्यात पक्क्या ठेवा. प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली तर ही माफी मिळत नाही. "ताई, पन्नास हजार द्या, सीट पक्की करून देतो" म्हणणारा एजंट नेमकं हेच सांगत नाही. दुसरं, अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही योजना लागू नाही. तिसरं, अर्ज महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी करावा लागतो. पहिल्या वर्षी केला म्हणून दुसऱ्या वर्षी विसरायचं नाही.

माफ होते ती फी. खोली, जेवण, पुस्तकं, जाणं-येणं हे घरालाच करावं लागतं. बारावीपर्यंत गावातल्या मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट मिळतो, तो घ्या. बाहेरगावी राहायची वेळ आली आणि सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर भत्त्याच्या योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयम्, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि मराठा व इतर घरांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. बँकेचं शैक्षणिक कर्ज ४ लाखांपर्यंत तारण न देता मिळू शकतं, आई-वडिलांना सहकर्जदार व्हावं लागतं. आणि फॉर्म, प्रवास, पहिल्या महिन्याची खानावळ एवढ्यासाठी आपल्या गटाचं अंतर्गत कर्ज आहेच. लग्नासाठी आपण ते बिनबोभाट देतो. शिक्षणासाठी मागणाऱ्या बाईला मात्र चार प्रश्न विचारतो. हे गटाने बदलायला हवं.

कागद

मार्क आहेत, सीट लागली, आणि जात पडताळणी नाही म्हणून हातची गेली, असं होऊ देऊ नका. जातीचा दाखला वेगळा आणि पडताळणीचं प्रमाणपत्र वेगळं. पडताळणीचा अर्ज बारावीच्या वर्षात कॉलेजमार्फत करता येतो. निकालाची वाट बघू नका.

त्यासाठी वडिलांकडच्या नात्यातला जुना पुरावा लागतो. आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा यांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माची नोंद. तो किती जुना हवा हे प्रवर्गावर आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीचा कागद शोधा. चुलत घरात कुणाची पडताळणी झालेली असेल तर त्याची प्रत मागून घ्या, काम हलकं होतं. भाऊबंदकीत बोलणं बंद असलं तरी यासाठी उंबरा ओलांडा. याशिवाय उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि ओबीसींना नॉन-क्रीमीलेअर लागतं. त्यावरची मुदत तपासा. दाखल्यावर, आधारवर आणि मार्कशीटवर पोरीचं नाव एकसारखं आहे का, तेही बघा.

गटाने काय करायचं

जळगावच्या आपल्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. आसोद्याच्या या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं. आज खानदेशातल्या मुलींच्या पदवीवर तिचं नाव छापलेलं असतं. आपल्यातल्या कितीतरी जणींनाही फॉर्म वाचता येत नाही, पण पोरीच्या वाटेची चौकशी करायला ते आड येत नाही.

येत्या बैठकीत एवढं करा. गटाच्या वहीत एक पान काढा. आपल्या गटातल्या नववी ते बारावीच्या पोरींची नावं लिहा. प्रत्येकीपुढे कोणते विषय, कोणते दाखले आहेत आणि पडताळणीचा अर्ज झाला का, एवढं भरा. ज्या ताईला आजोबांचा कागद सापडत नाही, तिच्यासोबत दोघींनी शाळेत जावं आणि जुनं रजिस्टर बघायची विनंती करावी. आणि फॉर्म भरायला पोर सेतू केंद्रात किंवा सायबर कॅफेत जाईल तेव्हा तिला एकटी पाठवू नका. आईने शेजारी बसावं, आणि "सबमिट" करण्याआधी पोरीने विषय मोठ्याने वाचून दाखवावेत.

पान भरलं की आम्हाला कळवा. अडलेल्या नावांसाठी पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एकत्र बसू.