आवडीच्या कामाला गिऱ्हाईक कमी? मग लुई बँक्स यांचा हिशोब बघा



व्हिडिओखाली एक प्रश्न सारखा येतो: "सर, मला जे काम मनापासून येतं, त्याला आमच्या गावात गिऱ्हाईकच नाही. सोडून देऊ का?" उत्तरासाठी आज एका पियानोवादकाकडे जाऊ. नाव लुई बँक्स. जॅझ वाजवतात.

जॅझ म्हणजे काय?

आपल्या भजनी मंडळात एक जण अभंग उचलतो, पेटीवाला साथ धरतो आणि मध्येच पखवाजवाला आपला हात दाखवतो. जॅझमध्येही असंच. चाल ठरलेली, पण प्रत्येक वादक आपली पाळी आली की सुचेल तसं वाजवतो. बाकीचे तेव्हा साथीला. आपल्याकडे हे संगीत ऐकणारे आधीपासूनच थोडे. म्हणजे माल उत्तम, बाजार लहान.

दार्जिलिंग ते मुंबई

बँक्स यांचा जन्म 1941 चा, दार्जिलिंगचा. नेपाळी घर. वडील ट्रम्पेट वाजवायचे. प्रसिद्ध ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्यावरून मुलाचं नाव लुई पडलं. तरुणपणी काठमांडूच्या हॉटेलात वाजवलं, मग कोलकात्यात पार्क स्ट्रीटच्या 'ब्लू फॉक्स' रेस्टॉरंटमध्ये. लोक जेवायला यायचे, हे वाजवायचे.

तिथंच राहुल देव बर्मन यांनी त्यांना ऐकलं आणि सिनेमाच्या संगीतात वाजवायला मुंबईला बोलावलं. हे नीट लक्षात घ्या. ते रेस्टॉरंटच त्यांचं शोरूम होतं. तुमचा रोजचा साधा माल बघूनच मोठं गिऱ्हाईक येतं, म्हणून साधं कामही हलगर्जीनं करू नका.

मुंबईत दोन गल्ले

मुंबईत त्यांनी सिनेमासाठी वाजवलं आणि जाहिरातींच्या जिंगल्स केल्या. जिंगल म्हणजे तीस सेकंदांचा खेळ. तारीख कंपनीची, पसंती कंपनीची. तिथं 'मला वाटेल ते वाजवीन' चालत नाही.

1988 मध्ये दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' आलं. 'आभाळमाया'च्या शीर्षकगीताचे संगीतकार अशोक पत्की यांच्यासोबत त्या कामात बँक्स होते. जॅझचं नावही न ऐकलेल्या घरांत त्यांचं काम पोचलं.

पण जॅझ त्यांनी सोडला नाही. कर्नाटक संगीताशी त्याची सांगड घातली, नव्या पोरांना सोबत घेऊन बँड उभे केले. 2008 चा 'माइल्स फ्रॉम इंडिया' हा अल्बम ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेला. त्यात बँक्स यांचं वादन आहे. तेव्हा वय होतं 67. चाळिशीत 'जॅझला मागणी नाही' म्हणून झाकण लावलं असतं, तर हा दिवस आला नसता.

आता उंद्रीचा हिशोब

समजा, ताई, उंद्रीत तुमचं शिवणकाम आहे. जीव आरी वर्कमध्ये, पण गिऱ्हाईक येतं साध्या ब्लाऊजचं. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका:

- घरखर्च, भाडं, वीज मिळून महिन्याची गरज: 15,000 रुपये
- साध्या ब्लाऊजमागे अस्तर-धागा वजा जाता उरतात: 150 रुपये
- म्हणजे ब्लाऊज लागतील: 100
- रोज 5 शिवले तर: 20 दिवस

महिन्यात 26 दिवस काम धरलं तर 6 दिवस आरी वर्कचे. ते 6 दिवस कॅलेंडरवर आधीच लाल पेनानं गोल करा. नाहीतर फॉल-पिकोच्या घाईत कधी निघून जातील, कळणारही नाही.

त्या दिवसांत नमुने बनवा. एक नमुना दुकानात समोर टांगा, म्हणजे साधा ब्लाऊज न्यायला आलेली बाई तो बघेल. फोटो काढून चिखली-खामगावच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. लग्नसराईत एक जरी ऑर्डर आली, तरी तिचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवा. पोटाच्या कामाचे पैसे आवडीच्या कामात गुपचूप मुरले, की दोन्ही बुडतात.

आणि एक गोष्ट. हिशोबात 20 ऐवजी 26 दिवस लागत असतील, तर आधी दर किंवा वेग बघा. आरी वर्कची सुई तेवढे दिवस बाजूला राहिली तरी चालेल, पण विकू नका.

आज रात्री वही घ्या आणि दोन रकाने आखा: 'पोटाचं काम' आणि 'आवडीचं काम'. दुसऱ्या रकान्यात महिन्याचे किती दिवस बसले, तो आकडा कमेंटमध्ये लिहा. एक बसला तरी लिहा. पुढच्या व्हिडिओत साध्या ब्लाऊजचा दर कसा ठरवायचा, ते बघू.