ग्रंथालय व्यवस्थापन प्रणालींतील क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग

क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग, संक्षेपाने एक्सएसएस, ही संकेतस्थळांत आढळणारी एक सुरक्षात्रुटी होय. बाहेरून आलेला मजकूर संकेतस्थळाने आहे तसाच आपल्या पानावर दाखवला, तर त्यात दडवलेली आज्ञावली पान पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालते. तालिका, देवघेव व सभासद नोंदणी ही कामे ब्राउझरमधून करणाऱ्या ग्रंथालय व्यवस्थापन प्रणालींतही ही त्रुटी आढळली आहे.

स्वरूप

वेबपानावरील साधा मजकूर आणि आज्ञा यांतील भेद ब्राउझर ठरावीक चिन्हांवरून ओळखतो. कोनी कंसांत लिहिलेली खूण तो आज्ञा मानतो. वाचकाने तालिकेत ‘शेती’ हा शब्द शोधला, तर निकालाच्या पानावर तोच शब्द पुन्हा उमटतो. त्या जागी कोणी जावास्क्रिप्ट आज्ञावली लिहिली आणि प्रणालीने ती निष्प्रभ केली नाही, तर ब्राउझर ती ग्रंथालयाचीच आज्ञा समजून पाळतो.

प्रकार

* परावर्तित : आज्ञावली दुव्यातच दडवलेली असते. दुवा उघडणाऱ्यालाच तिचा उपद्रव होतो.
* साठवलेली : वाचकाचा अभिप्राय, पुस्तकाला जोडलेला विषयशब्द किंवा खरेदीची शिफारस यांतून आज्ञावली विदागारात जाऊन बसते आणि ते पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालते. हा प्रकार अधिक घातक असतो, कारण शिफारशी वाचणारा बहुधा ग्रंथपालच असतो.
* डॉम-आधारित : दोष सर्व्हरवर नसून पानातील जावास्क्रिप्टमध्येच असतो.

अन्य ग्रंथालयांकडून आयात केलेल्या मार्क नोंदी हाही बाहेरून आलेलाच मजकूर होय, याकडे अनेकदा दुर्लक्ष होते.

परिणाम

आज्ञावली ज्याच्या ब्राउझरमध्ये चालते, त्याचेच अधिकार तिला मिळतात. वाचकाच्या खात्यातून त्याचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि त्याने नेलेल्या पुस्तकांची यादी उघड होऊ शकते. कोण काय वाचतो हे गुप्त राखणे ग्रंथपालाच्या व्यवसायनीतीचा भाग असल्याने ही हानी गंभीर ठरते. ग्रंथपालाचे खाते सापडल्यास दंड, नोंदी व सभासदांची माहिती यांत फेरफार करता येतो.

कोहातील उदाहरण

कोहा ही मुक्तस्रोत प्रणाली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी १९९९ मध्ये तयार करण्यात आली व २००० च्या जानेवारीपासून वापरात आली. ‘कोहा’ या माओरी शब्दाचा अर्थ भेट असा आहे. भारतातील अनेक ग्रंथालयेही ती वापरतात. २०१५ मध्ये कोहात अनेक एक्सएसएस त्रुटी उघडकीस आल्या. त्यांची नोंद सीव्हीई-२०१५-४६३१ या क्रमांकाने झाली. वाचकांच्या शोधपानापासून कर्मचाऱ्यांच्या पानांपर्यंत त्या पसरलेल्या होत्या. त्याच वेळी सीव्हीई-२०१५-४६३० ही वेगळ्या प्रकारची त्रुटीही नोंदली गेली. तिच्यामुळे प्रशासकाच्या नकळत त्याच्याच खात्यातून एखाद्या सभासदाला ‘सुपरलायब्रेरियन’ हा सर्वाधिकार देता येत असे. ३.१४.१६, ३.१६.१२, ३.१८.८ आणि ३.२०.१ या आवृत्त्यांत दुरुस्त्या करण्यात आल्या.

प्रतिबंध

मुख्य उपाय म्हणजे पानावर दाखवताना प्रत्येक मजकुरातील विशेष चिन्हे निरुपद्रवी रूपात बदलणे. केवळ भरताना केलेली तपासणी पुरत नाही, कारण आयात नोंदी व जुनी विदा त्या वाटेने येत नाहीत. मथळे किंवा सूचनाफलक यांसाठी प्रणाली मुद्दाम एचटीएमएल स्वीकारत असल्यास ती मुभा मोजक्याच कर्मचाऱ्यांना द्यावी लागते. सत्राची कुकी जावास्क्रिप्टला वाचता येणार नाही अशी ठेवणे आणि कोणत्या स्रोतांतील आज्ञावली चालाव्यात हे ब्राउझरला आधीच सांगणे, हे पूरक उपाय आहेत.

त्रुटीची दुरुस्ती प्रसिद्ध होते तेव्हा त्रुटीचे स्वरूपही जगजाहीर होते. त्यामुळे सुधारित आवृत्ती न घेतलेल्या ग्रंथालयाचा धोका दुरुस्तीनंतर कमी न होता वाढतो.