भिन्न सायकलींवरील शक्तिमापकांच्या वाचनांतील एकवाक्यता

शर्यतीची तयारी करणाऱ्या सायकलपटूजवळ बहुधा एकाहून अधिक सायकली असतात. एक रोजच्या सरावाची. दुसरी घड्याळाविरुद्ध एकट्याने धावावयाच्या शर्यतीची, जिच्यावर कोपरे टेकून व कंबरेत पुष्कळ वाकून बसावे लागते. दोहोंवर शक्तिमापक बसविलेला असतो आणि दोन्ही मापक वॅट या एकाच एककात बोलतात. आता असे समजा की, पहिल्या सायकलीवर तासभर २८० वॅट टिकवून धरणारा सायकलपटू दुसऱ्या सायकलीवर तितक्याच श्रमाने २७० वॅटच्या वर जाऊ शकत नाही. या दहा वॅटांचा अर्थ काय लावावयाचा? वाकून बसल्यामुळे मांडी व धड यांमधील कोन लहान झाला आणि स्नायूंचे कार्य खरोखरच उणावले, की दोन उपकरणांची मापेच मुळात जुळत नाहीत? पहिले कारण खरे असेल तर बैठक बदलावयास हवी. दुसरे खरे असेल तर बैठकीला हात लावणे हीच चूक ठरेल.

प्रश्न क्षुल्लक नाही. सपाट रस्त्यावर हवेचा रोध प्रधान असताना आवश्यक शक्ती वेगाच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शक्तीतील ३ टक्के फरक वेगात सुमारे १ टक्का, आणि तासाभराच्या शर्यतीत सुमारे ३६ सेकंदांचा फरक घडवितो. याहून मोठा धोका निराळाच आहे. एका मापकावर ठरविलेले लक्ष्य दुसऱ्या, कमी दाखविणाऱ्या मापकावर गाठू पाहणारा सायकलपटू आपल्या मर्यादेच्या ३ टक्के वर धावत असतो आणि ते त्याला कळते ते शर्यतीच्या उत्तरार्धात, पाय जड झाल्यावर.

शक्तिमापक शक्ती प्रत्यक्ष मोजत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. तो परिबल मोजतो, कोनीय वेग मोजतो आणि त्यांचा गुणाकार करून दाखवितो. परिबल मोजण्याचे साधन म्हणजे स्ट्रेन गेज ही धातूची सूक्ष्म जाळी होय. १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी ती परस्परांहून स्वतंत्रपणे सिद्ध केली. ज्या भागावर ती चिकटविलेली असते तो भाग बलाने किंचित ताणला गेला की जाळीचा विद्युत्‌रोध बदलतो. हा बदल टक्क्याच्या काही शतांशांइतकाच असल्याने तो व्हीटस्टन सेतूच्या साहाय्याने टिपावा लागतो. जर्मनीतील अभियंता उलरिख शोबरर याने १९८६ साली ही युक्ती सायकलच्या क्रँकवर आणली. त्यानंतर जाळ्या निरनिराळ्या ठिकाणी जाऊन बसल्या: पेडलच्या दांड्यात, क्रँकच्या भुजेवर, भुजा व दातेरी चक्र यांना जोडणाऱ्या पंजावर, मागच्या चाकाच्या हबमध्ये.

मतभेदाचे पहिले कारण या जागेतच आहे, आणि ते दोष नव्हे. पेडलवर दिलेली सगळी शक्ती मागच्या चाकापर्यंत पोहोचत नाही. साखळीच्या कड्यांतील घर्षणात तिचा काही अंश खर्च होतो. अमेरिकेतील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत साखळीची कार्यक्षमता परिस्थितीप्रमाणे सुमारे ८१ टक्क्यांपासून ९८.६ टक्क्यांपर्यंत आढळली. साखळीवरील ताण जितका जास्त आणि मागचे चक्र जितके मोठे, तितकी कार्यक्षमता अधिक. चांगल्या स्थितीतील साखळीचा व्यय अडीच टक्के धरला, तर पेडलवर २५० वॅट असताना हबवरील निर्दोष मापक सुमारे २४४ वॅट दाखवील. दोघेही खरे बोलत असतात. प्रश्न मात्र निरनिराळे ऐकत असतात. धुळीने भरलेली साखळी हा फरक आणखी वाढविते आणि दोष मात्र मापकाच्या माथी येतो.

दुसरे कारण उपकरणांच्या अंशांकनातील चुकीचे. विक्रेत्यांच्या पत्रकांत १ ते २ टक्के अचूकतेची ग्वाही असते. तिची कसोटी पाहणारा एक महत्त्वाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३२ सायकलपटूंच्या वापरातील, ९ उत्पादकांचे ५४ मापक उतार दिलेल्या धावपट्ट्यावर ज्ञात वजनांच्या साहाय्याने तपासण्यात आले. सैद्धांतिक मूल्यापासून सरासरी विचलन उणे ०.९ टक्के निघाले. परंतु मापकामापकांतील प्रमाण विचलन ३.२ टक्के होते आणि ६ मापक तर ५ टक्क्यांहून अधिक चुकत होते. उलटपक्षी, एकाच मापकाच्या पुनःपुन्हा घेतलेल्या वाचनांतील विचलन गुणांक सरासरीने अवघा १.२ टक्के होता. या दोन आकड्यांतील अंतर फार बोलके आहे. मापक स्वतःशी बऱ्यापैकी प्रामाणिक असतो. शेजाऱ्याशी तो जुळेलच असे नाही. एकाच सायकलीवर आयुष्य काढणाऱ्याला पहिला गुण पुरतो. सायकल बदलणाऱ्याला तो पुरत नाही.

ही विसंगती दोन प्रकारची असते आणि त्यांची गल्लत केल्यास उपाय चुकतो. एक शून्याची चूक: भार नसतानाही मापक काही परिबल दाखवितो. दुसरी उताराची चूक: खरे परिबल व दाखविलेले परिबल यांचे गुणोत्तर एकाहून निराळे असते. उताराची चूक शक्तीच्या प्रमाणात वाढते. १०० वॅटवर २ वॅट, तर ३०० वॅटवर ६ वॅट. शून्याची चूक शक्तीवर मुळीच अवलंबून नसते. ती पेडल मारण्याच्या गतीवर अवलंबून असते. मिनिटास ९० फेऱ्या म्हणजे सेकंदास ९.४२ रेडियन. तेव्हा केवळ १ न्यूटन-मीटर इतकी शून्याची चूक या गतीला ९.४ वॅट आणि मिनिटास ६० फेऱ्यांना ६.३ वॅट इतका फरक पाडते. म्हणून दोन मापकांतील फरक कशामुळे आहे हे शोधावयाचे तर शक्ती व गती या दोन्ही स्वतंत्रपणे बदलून पाहिल्या पाहिजेत. गती स्थिर ठेवून शक्ती वाढविताना फरक तेवढाच राहिला, पण शक्ती स्थिर ठेवून गती वाढविताना तो वाढला, तर दोष शून्याचा. व्यवहारात बहुतेक तुलना एकाच सोयीच्या गतीला केल्या जातात आणि मग दोन्ही चुका एकाच सरासरीत बेमालूम मिसळून जातात.

शून्याचा दोष दूर करणे सोपे आहे, मात्र तापमानाचे भान हवे. उबदार खोलीतून थंड हवेत आणलेल्या सायकलीचे शून्य लगेच निश्चित केले, तर धातू थंड होत जाईल तसे ते सरकत राहील. सायकल पंधरा-वीस मिनिटे बाहेर उभी ठेवून, साखळीवर ताण नसताना शून्य घ्यावे. उताराची परीक्षा वजनाने होते. मागचे चाक जखडून, क्रँक क्षितिजसमांतर धरून पेडलच्या जागी २० किलोग्रॅम टांगले, तर १७२.५ मिलिमीटर लांबीच्या भुजेवर सुमारे ३३.८ न्यूटन-मीटर परिबल पडावयास हवे. वजन स्वतः विश्वसनीय काट्यावर तोललेले असावे. व्यायामशाळेतील तबकड्यांवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. गुरुत्वत्वरणाचे मूल्य लंडनमध्ये सुमारे ९.८१२ तर मुंबईत सुमारे ९.७८६ आहे. पाठ्यपुस्तकातील ९.८१ हा आकडा मुंबईत वापरल्यास पाव टक्क्याची चूक आपोआप पदरी पडते. ती लहान आहे. पण फुकटात टाळता येते.

पेडलमधील मापकांना ही परीक्षा थेट लागू पडत असली तरी सर्व मापक वापरणाऱ्याला उतार पाहू वा बदलू देत नाहीत. अशा वेळी मापनशास्त्रातील जुना मार्ग उपयोगी पडतो. दोन ठिकाणची मापे एकत्र आणता येत नसतील, तर तिसरे माप दोहोंकडे नेऊन आणावे. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम पॅरिसजवळील मूळ किलोग्रॅमशी याच रीतीने जोडलेला होता. २०१९ साली किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर आधारण्यात आली तोपर्यंत ही व्यवस्था चालली. सायकलींच्या बाबतीत हे वाहक माप म्हणजे पेडलमधील मापकांची जोडी होय, कारण तीच एका सायकलीवरून दुसरीवर सहज नेता येते.

कृती अशी. वाहक पेडले पहिल्या सायकलीवर चढवून दोन्ही मापकांची वाचने दोन स्वतंत्र नोंदयंत्रांवर एकाच वेळी घ्यावीत. १०० ते ३०० वॅटपर्यंत ५० वॅटांच्या पायऱ्या, प्रत्येक तीन मिनिटांची. पहिले मिनिट सोडून द्यावे. नंतर २०० वॅटवर मिनिटास ६०, ७५, ९० व १०५ फेऱ्या. हेच दुसऱ्या सायकलीवर करावे आणि शेवटी पेडले पुन्हा पहिल्या सायकलीवर आणून एक-दोन पायऱ्या तपासाव्यात. ही शेवटची फेरी कंटाळ्याने गाळली जाते, पण वाहक माप प्रवासात बदलले नाही याचा तेवढाच पुरावा असतो.

यात चकविणाऱ्या जागा थोड्या नाहीत. पेडल बल मोजते. परिबल काढण्यासाठी भुजेची लांबी त्याला सांगावी लागते. एका सायकलीची भुजा १७५ आणि दुसरीची १७० मिलिमीटर असून यंत्रात आकडा बदलावयाचा राहिला, तर जवळजवळ ३ टक्क्यांची चूक होते. पेडल प्रत्येक वेळी सारख्याच जोराने आवळले पाहिजे. केवळ डाव्या भुजेवर बसणारे मापक डाव्या पायाचे कार्य दुप्पट करून दाखवितात. डाव्याचा वाटा ४८ टक्के असेल तर १०० च्या जागी ९६ दिसतील, आणि हा वाटा थकव्याने बदलत असल्याने एकदा काढलेली दुरुस्ती कायमची नसते. लंबवर्तुळाकार दातेरी चक्र असल्यास आणखी एक गुंता होतो. अशा चक्राची भुजा खाली दाबण्याच्या टप्प्यात, म्हणजे परिबल सर्वांत अधिक असताना, मंद फिरते. समान कालांतराने परिबलाची वाचने घेऊन त्यांची सरासरी फेरीच्या सरासरी गतीने गुणणारा मापक या मंद टप्प्यास प्रमाणाबाहेर महत्त्व देतो आणि शक्ती फुगवून दाखवितो. समान कोनांतराने सरासरी घेतली वा क्षणोक्षणीचा कोनीय वेग वापरला तर ही चूक उद्भवत नाही.

मिळालेल्या आकड्यांवर सहसंबंध गुणांक काढण्याचा मोह विद्यार्थ्यांना हमखास होतो. तो बहुधा ०.९९ च्या वर येतो आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही. एक मापक नेहमी दहा टक्के कमी दाखवीत असला तरी तो तितकाच येईल. ब्लँड व ऑल्टमन यांनी १९८६ साली वैद्यकीय मापनांसाठी सुचविलेली रीत येथे योग्य आहे. दोन वाचनांतील फरक त्यांच्या सरासरीसमोर आलेखावर मांडावा, फरकांची सरासरी व प्रमाण विचलन काढावे. फरक शक्तीबरोबर वाढत असेल तर वजाबाकीऐवजी गुणोत्तर घ्यावे.

आता आरंभीच्या सायकलपटूकडे वळता येते. समजा, वरील कृतीत शून्याची चूक आढळली नाही, पहिल्या सायकलीचा मापक वाहक पेडलांच्या १.०१ पट आणि दुसरीचा ०.९८ पट दाखवितो असे निघाले. म्हणजे पहिल्या सायकलीवरील २८० वॅट दुसरीवर २७१.७ वॅट असे दिसावयास हवेत. दहा वॅटांपैकी ८.३ वॅट उपकरणांचे ठरले. उरले १.७. प्रत्येक तुलनेची अनिश्चितता १ टक्का धरली तर दोहोंची मिळून सुमारे १.४ टक्के, म्हणजे २८० वॅटवर जवळपास ४ वॅट होते. उरलेला फरक तिच्या आतच आहे. बैठक बदलण्यास या मापनाने कोणतेही कारण मिळत नाही. तो फरक १२ वॅट उरला असता तर मात्र खोगिराची उंची व कोपरांच्या आधाराची जागा यांकडे पाहावे लागले असते, आणि साखळी बदलल्यावर दुसऱ्या सायकलीचे गुणोत्तर, तिचा मापक हबमध्ये असल्यास, पुन्हा काढावे लागले असते.