आधी ऋण सोडा, मग धन

कार्ल्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला त्याचे वर्णन सांगायला नको. एकवीरेच्या डोंगरावर ढग उतरले, की चार-चार दिवस सूर्यदर्शन नाही. अशा हवेत गेल्या श्रावणात आमची मोटार एका नातलगांच्या अंगणात तीन आठवडे उभी राहिली. निघायच्या दिवशी किल्ली फिरवली, तो दिवे नुसते मिणमिणले. इंजिन काही फिरेना.

दोष पावसाचा नव्हता. आजची मोटार उभी असली तरी पुरती झोपत नाही. कुलपे, चोराची चाहूल देणारी घंटा, आतले छोटे छोटे संगणक, सारे थेंब थेंब वीज पीत असतात. म्हटले, बॅटरी काढून मिस्त्रींकडे न्यावी. पाना घेतला आणि तांबड्या टोपणाखालचा नट आधी धरला. पान्याचे दुसरे टोक शेजारच्या पत्र्याला लागले मात्र, आणि लखकन ठिणगी उडाली. पान्याला खड्डा पडला. पुढे मिस्त्रींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्या बोटातल्या अंगठीकडे पाहिले आणि म्हणाले, "सर, दमलेल्या बॅटरीने एवढं केलं. भरलेली असती आणि मध्ये ही अंगठी आली असती, तर?"

वाचकहो, हा 'तर' नीट समजून घेण्यासारखा आहे. मोटारीची बॅटरी म्हणजे शिशाचे पत्रे आणि पातळ गंधकाम्ल यांचे सहा घट. प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली असा घट प्रथम बनवला. प्रत्येक घट सुमारे 2 व्होल्टचा, म्हणून सारे मिळून 12. एवढ्याने सहसा झटका बसत नाही, म्हणून आपण गाफील राहतो. पण धोका व्होल्टचा नाही, प्रवाहाचा आहे. वाटेत अडथळा नसेल तर ही पेटी क्षणात शेकडो अँपियर सोडते. पाना किंवा अंगठी तेवढ्यात भाजून काढण्याइतकी तापते.

आता क्रमाचे मर्म. आजच्या जवळजवळ सर्व मोटारींत ऋण टोक, म्हणजे वजा खुणेचे, गाडीच्या पत्र्यालाच जोडलेले असते. ते जोडलेले असताना धन टोकावरचा पाना पत्र्याला लागला, की फेरा पुरा झाला आणि ठिणगी उडाली. ऋण आधी सुटलेले असेल, तर तोच पाना लागूनही काही होत नाही; विजेला परतीची वाटच उरत नाही. म्हणून सोडताना ऋण आधी, धन मागून. जोडताना नेमके उलट: धन आधी, ऋण शेवटी.

ठिणगीची भीती आणखी एका कारणाने. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो शंभरात चार भाग झाला तरी पेट घेऊ शकतो. तेव्हा विडी-सिगारेट दूर ठेवा आणि मोकळ्या हवेत काम करा.

आता प्रत्यक्ष कृती. अंगठी, घड्याळ काढा. चष्मा आणि हातमोजे घाला. इंजिन, दिवे बंद करा. इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडू नये. विजेचा दाब उसळून संगणक बिघडतात. किल्ली बाहेर, स्वतःच्या खिशात ठेवा आणि एक काच खाली घ्या, नाहीतर वीज गेल्यावर दारे उघडायची पंचाईत. मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितली असेल तेवढी मिनिटे थांबा, म्हणजे आतले संगणक शांत होतात. ऋण तार सोडून कोरड्या फडक्यात गुंडाळा आणि बाजूला सारा. ती उसळून परत टोकाला लागू नये. काही गाड्यांत या तारेवर एक नाजूक मापक बसवलेला असतो, त्यावर पाना टेकवून जोर लावू नका. मग धन तार, मग पेटीची पकड.

टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली असेल, तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशाने पुसा आणि कोरडे करा. आम्ल अंगावर उडालेच, तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले, तर बराच वेळ धूत राहून तडक डॉक्टर गाठा.

जोडून झाल्यावर घड्याळ चुकलेले दिसेल, रेडिओ कदाचित सांकेतिक अंक मागेल, काचांना वर-खाली करून पुन्हा शिकवावे लागेल. घाबरू नका; पुस्तिका पाहा. मात्र गाडी विजेवर चालणारी किंवा हायब्रिड असेल, तर नारिंगी तारांना हात लावू नका. ते काम जाणकाराचे.

मी अर्थशास्त्राचा माणूस. मला हा क्रम आमच्या भाषेत पाठ झाला. मोकळे व्हायचे तर आधी ऋणातून. जोडायचे तर आधी धन. खड्डा पडलेला तो पाना मी अजून जपून ठेवला आहे. गाडीचे बॉनेट उघडण्याआधी एकदा त्याच्याकडे पाहतो, आणि अंगठी काढून खिशात ठेवतो.