टेम्पलसाहेबांची जहाजं आणि देवळीकरांचा माल्टा

देवळीतल्या कुटुंबाने पहिल्यांदाच भूमध्य समुद्रातलं एखादं बेट पाहायचं ठरवलं, आणि हाताशी चार-पाच दिवसच असले, तर माल्टासारखं सोयीचं ठिकाण दुसरं नाही. सगळा देश मिळून ३१६ चौरस किलोमीटर. वर्धा जिल्ह्याचं क्षेत्रफळ ६,३०९ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यात असे वीस माल्टा मावतील. इंग्रजी तिथली अधिकृत भाषा आहे, गाड्या डाव्या बाजूने चालतात, बससेवा बेटाच्या कानाकोपऱ्यापर्यंत पोहोचते. नागपूरहून थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्ली गाठायची, तिथून आखात किंवा इस्तंबूलमार्गे पुढे. व्हिसा शेंगेनचा. प्रौढांना शुल्क ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा, बोटांचे ठसे द्यायला स्वतः हजर राहणं आवश्यक. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर उन्हाळ्यातच कागदपत्रं गोळा करायला लागावं.

इतकी माहिती कोणताही प्रवासी एजंट देईल. तो सांगणार नाही ती गोष्ट १८७८ सालची आहे. त्या वर्षी हिंदुस्थानातून सुमारे सात हजार सैनिक मुंबईहून माल्टाला गेले, आणि त्यांत मराठी बोलणाऱ्यांचा भरणा असलेल्या बॉम्बे आर्मीच्या पलटणी होत्या. त्यांची रवानगी ज्याच्या देखरेखीखाली झाली, त्या माणसाचा वर्धा जिल्ह्याच्या जन्माशी थेट संबंध आहे.

सर रिचर्ड टेम्पल. जन्म १८२६, मृत्यू १९०२. १८६२मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला, त्याच वर्षी टेम्पल मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरपदाचं काम पाहू लागला. जिल्ह्याचं ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६मध्ये ते पालकवाडीला हलवलं आणि तिथे आजचं वर्धा शहर वसवलं गेलं. देवळीची नगरपालिका १८६७ची, टेम्पलच्या मध्य प्रांतातल्या अखेरच्या वर्षातली. त्याच वर्षी मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे नागपूरला पोहोचली. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस अडला होता, मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या, आणि देवळीचा बाजार त्याच कापसावर उभा होता. दोन वर्षांनी, १८६९मध्ये, सुवेझ कालवा खुला झाला. वर्ध्याच्या रानापासून भूमध्य समुद्रापर्यंत सरळ वाट तयार झाली ती अशी. देवळीत आगगाडी यायला मात्र २०२४चा फेब्रुवारी उजाडला. वर्धा-कळंब मार्ग सुरू झाला तेव्हा.

टेम्पल कामाला वाघ होता. घोड्यावरून मुलूख पालथा घालायचा, भराभर अहवाल लिहायचे, चित्रंही काढायची. नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३मध्ये अकाली गेल्यावर, त्याने गोंड आणि इतर आदिवासींविषयी जमवलेले कागद टेम्पलने संपादित करून १८६६मध्ये छापवले. विदर्भाच्या अभ्यासकांवर हे त्याचं ऋण आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. पुढचं प्रकरण समजून घ्यायचं तर हेही ठाऊक असावं लागतं, कारण तोच माणूस दहा वर्षांनी दख्खनच्या दुष्काळात काय करतो ते वाचताना अंगावर काटा येतो.

१८७४मध्ये बिहारात दुष्काळ पडला. टेम्पलने ब्रह्मदेशातून तांदूळ मागवला, हात सैल सोडून खर्च केला आणि फारशी माणसं मरू दिली नाहीत. त्यासाठी त्याच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. १८७६मध्ये दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात पाऊस बुडाला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दुष्काळी कामांची पाहणी करायला त्यालाच पाठवलं. या खेपेला टेम्पलने खर्चाची काटकसर मनावर घेतली. जानेवारी १८७७पासून दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे अशी बसवण्यात आली.

एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची, आणि संध्याकाळी पदरात एवढं धान्य. त्यात डाळ नाही, तेल नाही, आजारी पडलं तर काही नाही. मद्रासच्या आरोग्य खात्यातल्या डॉक्टर कॉर्निशने तेव्हाच आकडेवारी मांडून सांगितलं की एवढ्यावर कष्टाचं काम करणारा माणूस जगू शकत नाही. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामांकडे पाठ फिरवली. हजारो लोक कामं सोडून गावाकडे निघाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्यामागे उभे असलेले महादेव गोविंद रानडे यांनी, सरकारकडे निवेदनांचा सपाटा लावला. सभेचे कार्यकर्ते गावोगावची माहिती गोळा करत होते, आणि ती वाचली की कळतं, सरकारी अहवालांतल्या कोरड्या रकान्यांमागे काय चाललं होतं. त्या दोन-तीन वर्षांत देशभरात पन्नास लाखांहून अधिक माणसं दगावली.

टेम्पलला या कामगिरीचं बक्षीस मिळालं. १८७७मध्येच तो मुंबईचा गव्हर्नर झाला.

एप्रिल १८७८मध्ये त्याच्याकडे नवं काम आलं. रशियाने तुर्कस्तानचा पराभव करून ३ मार्चला सान स्तेफानोचा तह लादला होता, रशियन फौज कॉन्स्टँटिनोपलच्या तोंडाशी होती, आणि पंतप्रधान डिझरायलीला युरोपला दाखवून द्यायचं होतं की इंग्लंडच्या हाताशी हिंदुस्थानची फौज आहे. हिंदुस्थानी पलटणी युरोपात उतरवण्याची ही पहिलीच वेळ. पार्लमेंट ईस्टरच्या सुट्टीवर गेलं आणि दुसऱ्या दिवशी, १७ एप्रिलला, बातमी फुटली.

फौजेत दोन घोडदळाच्या पलटणी, सहा पायदळाच्या, तोफखान्याच्या दोन बॅटऱ्या आणि सॅपर्सच्या चार तुकड्या. बंगालकडून ९वी कॅव्हलरी, १३वी आणि ३१वी पायदळ पलटण, शिवाय २री गुरखा पलटण, मद्रासची २५वी, आणि मुंबईकडून १ली लाइट कॅव्हलरी, ९वी आणि २६वी नेटिव्ह इन्फंट्री. बॉम्बे आर्मीच्या पायदळात त्या काळी कोकणातले आणि देशावरचे मराठे, महार, परदेशी म्हणजे उत्तर हिंदुस्थानी, मुसलमान आणि बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू एकाच पलटणीत असत. महारांची भरती बंद व्हायला अजून चौदा वर्षं होती. साताऱ्या-नगराकडच्या शिपायाच्या घरी दुष्काळाचं दुसरं वर्ष नुकतंच उलटत होतं. त्याच्या पगारावर घर चाललं होतं, आणि तो भूमध्य समुद्राकडे निघाला होता.

समुद्र ओलांडायला हे लोक कचरले असतील असा आपला आजचा समज असतो. बॉम्बे आर्मीच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. १८०१मध्ये इजिप्त, १८५६-५७मध्ये इराण, १८६७-६८मध्ये अबिसीनिया. या सैन्याच्या दोन पिढ्यांनी खारं पाणी पाहिलं होतं. धर्म बुडेल या धास्तीने मराठी माणूस घरात बसून राहिला, हे चित्र पुणेरी पांढरपेशांपुरतं खरं असेल. गावातला शिपाई केव्हाच बाहेर पडला होता.

आखणी टेम्पलच्या हातात होती, आणि ती त्याने चोख केली हे नाकारता येत नाही. मुंबईचं प्रिन्सेस डॉक अजून बांधून व्हायचं होतं. ते खुलं झालं १ जानेवारी १८८०ला. जूनमध्ये पावसाळा लागला की अरबी समुद्र खवळणार, म्हणजे मे संपायच्या आत सगळं उरकायला हवं. खाजगी जहाजं भाड्याने घेतली गेली, घोडे चढवले गेले, हजारो माणसांचं धान्य, पाणी, वेगवेगळ्या जातिधर्मांच्या चुली, सगळ्याचा बंदोबस्त काही आठवड्यांत झाला. मेअखेर जहाजं माल्टाला लागू लागली. वर्षभरापूर्वी ज्या राज्यकर्त्याला खडी फोडणाऱ्या माणसासाठी पौंडभर धान्यापलीकडे काही परवडत नव्हतं, त्याच्याच बंदरातून ही रसद निघाली. या मोहिमेसाठी ब्रिटिश पार्लमेंटने सुमारे साडेसात लाख पौंड मंजूर केले. इंग्लंडच्या तिजोरीतून पैसा येतो तेव्हा सोय होते आणि दुष्काळी रयतेचा प्रश्न आला की हिशेब सुरू होतो. टेम्पलच्या चरित्रातली ही दोन पानं शेजारी ठेवून वाचल्याशिवाय त्याचं मोजमाप होत नाही.

लंडनमध्ये मोठी खडाजंगी झाली. पार्लमेंटच्या संमतीवाचून शांततेच्या काळात राज्याच्या हद्दीत सैन्य ठेवता येत नाही, हा १६८९च्या हक्कांच्या कायद्यातला दंडक. मग माल्टा ही राज्याची हद्द की नाही? हिंदुस्थानी सैन्य त्या मोजणीत धरायचं की नाही? लॉर्ड्समध्ये सेल्बोर्न आणि लॉर्ड चॅन्सेलर केर्न्स एकमेकांना भिडले, कॉमन्समध्ये लिबरल नेता हार्टिंग्टनने ठराव आणला. तो १२१ मतांनी पडला. सगळा वाद इंग्रजांच्या हक्कांचा होता. ज्यांना जहाजांत भरलं होतं त्यांना काय वाटतं, हा मुद्दा त्या चर्चेच्या केंद्रस्थानी कधी आलाच नाही. संगीतगृहांत तेव्हा एक युद्धखोर गाणं गाजत होतं. त्याचं विडंबन निघालं आणि त्यात सरळ म्हटलं होतं की आम्ही घरी बसून गाणी गाऊ आणि लढायला मवाळ हिंदूला पाठवू. त्या विडंबनकाराने पार्लमेंटपेक्षा जास्त खरं सांगितलं.

मराठी वृत्तपत्रांनी यावर मोकळेपणाने लिहावं तर त्यांच्या गळ्याशी नख होतं. देशी भाषांतल्या पत्रांना वेसण घालणारा लिटनचा कायदा १४ मार्च १८७८ला, म्हणजे मोहिमेची बातमी फुटण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, मंजूर झाला होता. ‘केसरी’ निघायला अजून तीन वर्षं होती.

माल्टात फौजेचा मुक्काम थोडाच राहिला. जूनमध्ये ब्रिटिश सरसेनापती ड्यूक ऑफ केंब्रिज पाहणीला आला, संचलन झालं, लंडनच्या सचित्र साप्ताहिकांनी पगडीधारी शिपायांची चित्रं छापली. युद्ध झालंच नाही. दरम्यान ४ जूनला इंग्लंडने तुर्कस्तानशी गुप्त करार करून सायप्रस बेट पदरात पाडून घेतलं होतं. जुलैमध्ये हे हिंदुस्थानी सैन्य तिकडे हलवलं. २२ जुलैला ब्रिटिश सेनानी सर गार्नेट वूल्झली सायप्रसच्या लार्नाका बंदरात उतरला. तंबू, ऐन उन्हाळा, हिवताप. पावसाळा ओसरताना फौज मुंबईकडे परतली.

आता देवळीहून निघणाऱ्या कुटुंबाच्या चार दिवसांकडे वळू.

सगळ्यांत आधी हिपोजियमचं तिकीट काढावं, हॉटेलच्याही आधी. हाल सफ्लिएनीचं हे जमिनीखालचं दफनस्थान साडेपाच-सहा हजार वर्षांपूर्वी खडकात कोरायला सुरुवात झाली. १९०२मध्ये बांधकामाच्या खोदाईत ते सापडलं. आतली हवा आणि भिंतींवरचे तांबड्या मातीचे रंग टिकावेत म्हणून एका वेळी दहाच जणांना सोडतात, त्यामुळे तारखा आठवडे, कधी महिने आधी संपतात. व्हिसा मिळाल्यावर पाहू म्हटलं तर ते हुकलंच. दुसरं, राजधानी व्हॅलेटातलं सेंट जॉन्स को-कॅथीड्रल रविवारी पर्यटकांना बंद असतं. कारावाज्जोचं १६०८चं भलंमोठं चित्र तिथे आहे, तेव्हा रविवार दुसऱ्या कशाला द्यावा. तो शेजारच्या गोझो बेटाला द्यावा. चिर्केव्वाहून फेरीबोट पंचवीस मिनिटांत पलीकडे नेते, आणि तिकीट परतीच्या वेळीच घेतात. तिथली जगंतियाची मंदिरं इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी आहेत.

शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. फ्तीरा हा चपटा पाव टोमॅटो, ऑलिव्ह आणि केपरसह मिळतो. बिगिल्ला ही वाळल्या बाकल्याच्या दाण्यांची लसणीची चटणी. वाटाण्याच्या पास्तिझीच्या पापुद्र्यांत कधीकधी चरबी असते, तेव्हा विचारून घ्यावी.

एक सकाळ व्हॅलेटाबाहेरच्या पिएटा इथल्या लष्करी दफनभूमीला द्यावी. पहिल्या महायुद्धात माल्टाच्या इस्पितळांत गॅलिपोली आणि सालोनिकाच्या आघाड्यांवरून जखमी येत. त्यांत हिंदुस्थानी सैनिकही होते, आणि इथे मरण पावलेल्यांची स्मृती त्या आवारात जपलेली आहे. पर्यटन कंपन्यांच्या कार्यक्रमांत हे ठिकाण सहसा नसतं. ते असायला हवं, निदान महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या कार्यक्रमात तरी.

सायप्रसचं काय? एमिरेट्सचं दुबईहून माल्टाला जाणारं विमान अनेक वर्षं वाटेत लार्नाकाला थांबत आलं आहे, म्हणजे १८७८च्या दोन्ही बेटांना आजही एकच वाट जोडते. पण सायप्रस युरोपीय संघात असूनही त्याच्या व्हिसाचे नियम वेगळे आहेत, आणि लार्नाका, निकोसिया, डोंगरातली गावं असं पाहायला आणखी चार दिवस लागतील. पहिल्या छोट्या सहलीत दोन्ही बेटं कोंबू नयेत. सायप्रस पुढच्या खेपेला, तेही मार्च-एप्रिलमध्ये, उन्हाळा चढायच्या आत.